दोन आखूड, एक लांब

१

गाडी आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. मे महिना, एकोणनव्वद साल, आणि उस्मानपुऱ्यात नऊलाच ऊन चटके देत होतं. मी शटर वर करून चहाचा पहिला घोट घेत होतो. दिवसातला तेवढाच एक सुखाचा वेळ असतो माझा, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी येऊन तडफडतो.

"मिस्त्री, ऑटोमॅटिकचं काम करता का?"

"बोर्ड वाचता येतो ना? सर्व प्रकारच्या मोटारी, असं लिहिलंय. सर्व म्हणजे सर्व."

बोलणारा ड्रायव्हर होता, मोतीराम नावाचा. तिशीतला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, पण डोळे चार रात्री न झोपल्यासारखे. गाडी जर्मन होती, डिझेलवरची, ऑटोमॅटिक गिअरची, पांढरी लांबलचक. चिकलठाण्याला कारखाने उभे राहिले, वाळूजलाही उभे व्हायला लागले, तशा दोन-चार मालकांनी असल्या गाड्या मुंबईहून आणल्या. आणल्या खऱ्या, पण बिघडल्या की इथल्या मिस्त्र्यांना ओ की ठो कळत नाही. मला कळतं. मी पाच वर्षं कुवेतला ह्याच गाड्यांच्या पोटात हात घालून काढली आहेत.

"कुणाची गाडी?"

"काकासाहेबांची. चिकलठाण्याला पाइपाची कंपनी हाय ना, त्यांची. मी साहेबांच्या गावाकडचाच, पिशोरचा. वरीसच झालं मला नोकरीला."

"होतंय काय?"

मोतीरामनं वळून गाडीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लाथा मारते. गिअर बदलताना. दोन बारक्या, मग एक मोठी. मुंबई झाली, पुणं झालं, सगळा गिअरबॉक्स खोलून झाला. काडीचा फरक नाय. पिशोरच्या फाट्यावर तर जीव नकोसा करते. साहेब लग्नाला नाशिकला गेलेत, उद्या येतील. त्यांच्या आधी नीट करून द्या, लई उपकार होतील. आन इथं आणली होती हे त्यांना कळायला नको."

"का? माझ्या गॅरेजला खरूज झालीय का?"

त्यानं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. कळलं मला काय ते. मी बॉनेट उघडलं, पहिली नळी उपटली आणि सवयीनं तोंडाकडं नेली. तेवढ्यात ह्या गड्यानं माझं मनगट धरलं.

"तोंड नका लावू, मिस्त्री. साहेबांना चालत नाय."

"काय चालत नाय? गाडीला विटाळ होतो व्हय?"

"मला काय नाय ओ. मी आपला नोकरमाणूस."

त्याला तिथंच हाकलून द्यायला पाहिजे होतं. तोंडात शिवी आलीही होती. पण असली गाडी माझ्या हाताखाली तीन वर्षांनी आली होती, आणि मुंबई-पुण्याच्या लोकांना जमलं नाही म्हटल्यावर मिस्त्रीच्या हाताला खाज सुटते. मी त्याचा हात झटकला आणि कपाटातून कुवेतचं मीटर काढलं.

२

हे तोंडाचं काय प्रकरण आहे, ते सांगतो.

पेट्रोलचं इंजिन स्वतःच हवा ओढतं. डिझेलचं तसं ओढत नाही. म्हणून ह्या गाड्यांना वेगळा पंप असतो. तो नळ्यांतली हवा खेचून घेतो आणि त्या ओढीवर निम्मी गाडी चालते. ड्रायव्हरनं पाय किती दाबलाय हे गिअरबॉक्सला त्या ओढीवरूनच कळतं. ओढ बरोबर असली तर गिअर लोण्यासारखा बदलतो. कमी पडली की लाथ बसते. चारी दारांची आणि डिकीची कुलपं त्याच ओढीवर. चावी फिरवल्यावर इंजिन बंद होतं, तेसुद्धा त्याच ओढीवर. नळी कुठं फुटली हे बघायला मोठ्या वर्कशॉपमध्ये मीटर लावतात. आम्ही नळी तोंडात धरून हवा ओढायचो आणि टोकावर जीभ ठेवायचो. जीभ चिकटून राहिली तर नळी चांगली. सुटली तर फुटकी.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, धोंडिबा. कुवेतहून आलो तेव्हा मीच त्याला हे काम शिकवलं. नळीच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी. मधे इंजिनाचा एवढा गोंगाट की ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओढीच्याच खुणा ठरवल्या होत्या. एक लांब ओढ म्हणजे 'धरलंय'. एकानं धरलंय म्हटलं की दुसऱ्यानं आपला हात काढायचा, पुढचं ज्यानं धरलं त्यानं बघायचं. आणि दोन आखूड, एक लांब म्हणजे 'इंजिन बंद कर'. ह्या खुणा आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हत्या.

मोतीराम 'दोन बारक्या, एक मोठी' म्हणाला तेव्हा मला हीच खूण आठवली, खोटं कशाला बोलू. पण मी ते झटकून टाकलं. गाडीला गिअर चार, म्हणजे बदल तीन. तीन बदलांना तीन लाथा बसणारच, त्यात काय मोठंसं?

धोंडिबा तीन वर्षांपूर्वी गेला. असाच मे महिना होता. शेजारच्या किराणा दुकानात फोन आला, पिशोर रस्त्याला मोटार बंद पडलीय, मिस्त्री पाठवा. मी तापानं फणफणलो होतो. तो हत्यारांची पिशवी घेऊन भर दुपारी एसटीनं गेला आणि परत आलाच नाही. चौकीवर म्हणाले, गेला असेल मुंबईला. मुंबईला जायचं तर माणूस पायातली नवी चप्पल घरी ठेवून, फाटकी घालून जातो का?

त्याला दुश्मन होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला त्याला आता अकरा वर्षं झाली, नाव काही बदललं नाही, आणि धोंडिबा निळा रंग आणि ब्रश घेऊन भिंती रंगवायचा. 'नामांतर झालेच पाहिजे.' शाळेची भिंत, बँकेची भिंत, चिकलठाण्याच्या कंपन्यांच्या भिंती. ते पुसायचे, हा परत लिहायचा. अठ्ठ्याहत्तरच्या मोर्च्यात दगड लागून त्याचा वरचा पुढचा दात पडला होता. हसला की तिथं खिडकी दिसायची.

माय अजून रोज दुपारी गॅरेजवर डबा आणते. दोघांचा. धोंडिबाच्या वाटची भाकरी संध्याकाळी तशीच परत नेते. विहारातली माणसं म्हणाली, मनकर्णाबाई, आता गेलेल्याचं पुण्यानुमोदन करून टाका, तीन वर्षं झाली. ती म्हणते, "कुठं हाय ते दाखवा, मग करते. जागा नाय, माती नाय, आन मी कशाच्या नावानं मेणबत्ती लावू?" तिला न्याय नको होता, काही नको होतं. एक जागा पाहिजे होती फक्त.

३

मीटर लावून इंजिन चालू केलं. ओढ निम्मीच भरत होती. नळीवर बोट ठेवलं की काटा थोडा चढायचा, मग उतरायचा. कुठंतरी गळती होती, हे उघडच होतं.

"बंद कर," मी म्हणालो.

मोतीरामनं चावी फिरवली, काढून हातात घेतली आणि मला दाखवली. इंजिन चालूच. दहा, पंधरा, वीस मोजले. चालूच होतं.

"रोजचंच हाय," तो कसनुसा हसला. "कधी पाच मिनिटंसुद्धा बंद होत नाय. साहेब उतरून लांब जाऊन उभे राहतात."

डिझेलच्या पंपावर एक लाल दांडी असते, हातानं दाबायची. ती दाबली की इंजिनाचं डिझेल तुटतं. मी दाबली. इंजिन थरथरून थांबलं. ओढ नाही म्हणून गाडी बंद होत नाही, हेही सरळ होतं. अजून तरी सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं आणि मला बरं वाटत होतं.

गिअरबॉक्सकडं जाणाऱ्या कंट्रोलचा स्क्रू अर्धा आटा फिरवला आणि गाडी घेऊन क्रांती चौकापर्यंत निघालो. मी चालवत होतो, मोतीराम शेजारी. पहिला बदल, ठक. दुसरा, ठक. तिसऱ्याला पाठीत अशी लांबलचक लाथ बसली की तोंडातनं आई आली. चौकाला वळसा घातला, परत तेच. स्क्रू उलटा फिरवला, पुन्हा गेलो. ठक, ठक, आणि ती लांब. मग एक गोष्ट लक्षात आली. चौकात सिग्नलला गाडी उभी होती, गिअर बदलायचा प्रश्नच नव्हता. तरी ती उभ्या जागी हलली. दोनदा, आणि मग एकदा.

"साहेब मागं बसतात का पुढं?" मी उगाच विचारलं. एवढ्या मोठ्या गाडीचा मालक मागंच बसणार.

"पुढं. माझ्या शेजारी. मागच्या सीटवर कुणालाच बसू देत नाय. बाईसाहेबांना पण नाय."

४

परत येऊन मी एकेक फाटा बंद करायला घेतला. नळ्यांचं जाळं असतं, त्यातली एकेक नळी सोडवून तिच्या तोंडात लाकडी गुल्ली ठोकायची. ज्या गुल्लीनं काटा चढला, त्या फाट्यावर गळती. पुढची दारं बंद केली, फरक नाही. मागची बंद केली, नाही. शेवटचा फाटा डिकीच्या कुलपाचा. तिथं गुल्ली मारली आणि काटा सरसर चढून जागेवर जाऊन बसला.

"हात् तुझ्या!" मी ओरडलोच. "मुंबईचे शहाणे इंजिन उकरत बसले आन भोक डिकीत! बघ मोतीराम, बघ."

चावी काढली. इंजिन लगेच बंद. पुन्हा चालू केलं, गाडी बाहेर काढली. पहिला, दुसरा, तिसरा, गिअर कधी बदलले कळलंही नाही. मोतीरामचा चेहरा खुलला. त्यानं मला चक्क बिडी देऊ केली, आणि त्याच्या काडीवर मी पेटवलीसुद्धा. मला त्या क्षणी धोंडिबाची आठवण आली. तो असता तर म्हणाला असता, दादा, मानलं.

रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला लागलो आणि मागून आवाज आला. धप.

"स्टेपनी सुटलीय," मी म्हणालो.

धप. धप धप. टाचेनं पत्रा ठोकल्यासारखा. मग भराभर, एकावर एक, सगळी गाडी हलायला लागली. मोतीरामच्या तोंडातली बिडी मांडीवर पडली, त्याचा कडक ड्रेस जळत होता आणि त्याचं लक्ष नव्हतं. "हे नवीन हाय," तो म्हणाला. "हे आधी नव्हतं, मिस्त्री. तुम्ही काय केलं?"

गाडी कडेला घेतली. ऊन रणरणत होतं, रसवंतीवाला आमच्याकडं बघत होता. मी डिकी उघडली. आत स्टेपनी होती, पट्ट्यानं घट्ट आवळलेली. जॅक, पुसायचं फडकं. दुसरं काही नाही. पण आतली हवा उन्हात तापलेल्या डिकीची नव्हती. दमट होती, आणि तोंडावर आली. पत्र्याला आतून घाम सुटला होता.

मी बॉनेट उघडून गुल्ली काढली. का काढली, सांगता येणार नाही. आपण कुणाच्या तरी तोंडावर हात दाबून धरलाय असं वाटलं, बस्स. गुल्ली काढली आणि आवाज थांबला. परत येताना पुन्हा लाथा बसायला लागल्या, आणि आईशपथ सांगतो, मला त्या बऱ्या वाटल्या.

५

गॅरेजमध्ये आल्यावर चाकांना विटा लावल्या, इंजिन बंद केलं, आणि मीटर फक्त डिकीच्या नळीला जोडलं. इंजिन बंद, पंप बंद. काटा शून्यावर पडला. पडायलाच पाहिजे.

मग तो उठला. थोडासा. आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला.

मी काय काय म्हणून बघितलं. उन्हानं नळ्या तापतात, म्हणून असेल. मीटर जुनं झालं, म्हणून असेल. मीटर काढून दुसऱ्या नळीला लावलं तर काटा मेल्यासारखा पडून राहिला. परत डिकीच्या नळीला लावलं, काटा उठायला लागला. झोपलेल्या माणसाची छाती हलते, त्या बेतानं. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला अठरा.

"मोतीराम," मी म्हणालो, "तुझ्या साहेबांना चालो न चालो, मी तोंड लावतोय."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

मी मीटर काढलं आणि नळी ओठात धरली. हवा ओढायच्या आधीच तिनं माझी जीभ ओढून घेतली. एवढ्या जोरात की डोळ्यांतून पाणी आलं. सोडून दिली. पुन्हा ओढली, आखूड. सोडली. आणि मग लांब, सावकाश, संपेचना. मी दोन्ही हातांनी नळी खेचली तेव्हा जिभेच्या शेंड्याचं साल निघालं होतं.

मी जमिनीवर बसलो. तोंडात रक्त होतं. 'इंजिन बंद कर' म्हणत होतं ते. आणि इंजिन तर केव्हाच बंद होतं.

६

डिकीच्या आतला कातडी पडदा उचकटायला दहा मिनिटं लागली. स्क्रू हातातून पडत होते. पडद्याच्या मागं कुलपापर्यंत येणारी रबरी नळी असते. ती कुलपाला जोडलेलीच नव्हती. कुणीतरी उपटून काढली होती आणि ती तशीच लोंबत होती, तोंड उघडं.

एक तोंड उघडं असलेली नळी काहीच ओढू शकत नाही. शेंबडं पोरगंसुद्धा हे सांगेल. माझ्या जिभेचं साल निघालं होतं.

नळीचं ते टोक मी उजेडात धरलं. रबर चावलेलं होतं. नुसतं चावलेलं नाही, चघळून चघळून मऊ झालेलं. वरच्या बाजूला दातांच्या खुणा ओळीनं, आणि मधोमध एका दाताची जागा कोरी.

डिकीत कोंडलेला दुसरा कुणी असता तर पत्र्यावर लाथा मारत बसला असता. माझ्या भावाला ठाऊक होतं नळी कुठं असते. अंधारात चाचपून त्यानं ती उपटली असेल. नळी उघडी केली की गाडी लाथ मारते, जीभ लावली की थांबते. गाडी चालवणाऱ्याला त्यानं जिभेनं सांगितलं, दोन आखूड, एक लांब. चालवणाऱ्याला ती खूण कळणार नव्हती. ती कळणारा माणूस ताप येऊन घरी पडला होता.

मी नळीचं टोक कापलं आणि खिशात ठेवलं.

"लेका, जेवून घे रं," मागून मायचा आवाज आला. डबा घेऊन ती उभी होती, डोक्यावर पदर, पायांना धूळ. "आन हे तोंडाला रगत कशाचं?"

मी खिशातलं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं बोट फिरवलं त्या खुणांवरून. एकदा, दोनदा. कोऱ्या जागेवर बोट थांबलं.

"ही कुणाची मोटार?" तिनं विचारलं.

७

त्याच वेळी कंपनीची जीप दाराशी येऊन थांबली. काकासाहेब एक दिवस आधीच परतले होते. पन्नाशीचा, आडवा गडी, गॉगल, पांढरे बूट. आत येताच त्यांनी मोतीरामच्या कानाखाली वाजवली.

"सगळ्या शहरात तुला हेच गॅरेज सापडलं?"

"हेच का नको होतं, साहेब?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघेनात. "चावी कुठंय? चल बाजूला हो. काय हात लावलास रे गाडीला?"

"डिकीतली नळी सुटली होती. चावलेली आहे."

"उंदरं असतात."

"ह्या उंदराला वरचा पुढचा दात नव्हता."

त्यांचा गॉगल माझ्याकडं वळला. क्षणभरच. मग त्यांनी मला खांद्यानं ढकललं, मोतीरामच्या हातातली चावी हिसकावली, दार उघडून आत बसले आणि दार ओढून घेतलं. "बॉनेट लाव, मोतीराम! नाव बदलायला निघाले, आन गाड्या नीट करायला..." पुढचं ऐकू आलं नाही, इंजिन चालू झालं होतं. बॉनेट उघडंच राहिलं.

मग कुलपं पडली. खट, खट, खट, खट. आणि मागं डिकीचं, पाचवं.

कुलपं पडूच शकत नव्हती. नळीचं टोक कापून माझ्या मायच्या मुठीत होतं, ओढ यायची कुठून? त्यांनी गिअर टाकला, गाडी विटांवर आदळली. ठक. ठक. आणि लांब. त्यांनी दार उघडायला खटका ओढला, तो वर येईना. काचा बटणावरच्या, त्या खाली जाईनात. चावी काढली. इंजिन चालूच. काकासाहेबांनी आरशात मागं पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडं पडलं. बंद काचेमुळं मला आवाज आला नाही.

मी बाजूच्या काचेतून पाहिलं. मागची सीट रिकामी होती. पण तिची पाठ आतून पुढं येत होती. डिकीच्या बाजूनं. आधी एक फुगवटा आला, गुडघ्याएवढा. मग त्याच्या शेजारी दुसरा. कातडं ताणलं जात होतं आणि शिवण उसवत होती.

मी नजर फिरवली. माझा भाऊ होता तो, आणि मी नजर फिरवली.

८

"लाल दांडी!" काकासाहेब काचेवर हात आपटत होते. काचेला कान लावला तर एवढंच कळायचं. "बंद कर! बंद कर ते!" त्यांच्या गळ्याच्या शिरा सुटल्या होत्या, सगळ्या काचांना आतून वाफ धरत होती.

माझा हात दांडीवर होता. मीटर मी पुन्हा डिकीच्या नळीला जोडलं होतं, आणि काटा तेच म्हणत होता. दोन आखूड, एक लांब. दोघंही एकच मागत होते.

माय गाडीपाशी गेली. तिनं पदरानं काचेवरची धूळ पुसली, आत नीट दिसावं म्हणून. ओरडली नाही.

"कुठं ठिवलंय माझं लेकरू?"

काकासाहेबांनी मान हलवली. नाही, नाही. मागं सीटचं काहीतरी टरकन फाटलं. ते स्टिअरिंगवर पुढं झेपावले, तोंड काचेला लागलं.

"फाट्याच्या अलीकडं! खदान... जुनी खदान! दम द्यायला फक्त... माझी भिंत तीनदा रंगवली त्यानं... आम्हाला वाटलं जिवंत हाय! गाडी हलत होती, आम्हाला वाटलं..."

"खदानीत कुठं?"

"क्रशरच्या मागं. दगडाची रास हाय. चुन्याची खूण केलेली."

माय खाली बसली. डबा अजून तिच्या हातात होता. तिनं तो उघडला, धोंडिबाच्या वाटची भाकरी काढली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ती परत न झाकता मांडीवर घेऊन बसली. "सापडलं रं," ती म्हणाली. मग रडायला लागली, मोठ्यानं, गल्ली गोळा होईल एवढ्या मोठ्यानं.

मी लाल दांडी दाबली. काकासाहेबांसाठी नाही. धोंडिबानं सांगितलं होतं म्हणून, तीन वर्षं उशिरा का होईना.

इंजिन थांबलं. एवढी शांतता झाली की काकासाहेबांचा श्वास काचेतून ऐकू यायला लागला. त्यांनी खटका ओढला. दोन्ही हातांनी ओढला. खटका जागचा हलला नाही.

मीटरचा काटा शून्यावर होता. तो उठला. हिसका नाही, थरथर नाही. सावकाश, लांब, थेट टोकापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"काय म्हणतंय ते?" मोतीरामनं विचारलं.

"धरलंय म्हणतोय."

"मिस्त्री, हातोडी द्या ओ. काच फोडतो. मरंल ते माणूस आत."

हातोडी माझ्याच हातात होती. केव्हा उचलली कुणास ठाऊक. काकासाहेब माझ्याकडं बघत होते, तळवे काचेला चिकटलेले, आणि त्यांच्या मागं सीटवर आता बराच अंधार होता. मी मीटरकडं पाहिलं. काटा टोकाला तसाच.

एकानं धरलंय म्हटलं की दुसऱ्यानं हात काढायचा, ही आमची रीत होती. मी हातोडी बाकड्यावर ठेवली, आणि गाडीवरचा हात काढला.